चाळीस केबीतली इरा

मला पाल्हाळ सहन होत नाही. कमी करणं हाच माझा धंदा आहे. सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या एका ऑफिसात बसून मी सोफे, पलंग आणि दिवे विकणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरचे फोटो हलके करतो. फोटोग्राफर आठ-आठ एमबीचे फोटो पाठवतात, जणू गिऱ्हाईक सोफ्याच्या कापडाचे धागे मोजणार आहे. माणसाच्या डोळ्याला कळत नाही तेवढं सगळं मी त्यातून काढून टाकतो आणि फोटो शंभर केबीच्या आत आणून ठेवतो. पान पटकन उघडतं, गिऱ्हाईक कंटाळून पळत नाही, साहेब खूश. दहा वर्षं हे करतोय आणि त्यात मी तरबेज आहे, असं मी कुणी न विचारताही सांगायचो.

ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो: डोळ्याला कळत नाही ते काढा. हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही.

माझे सासरे विश्वासराव, म्हणजे आमचे बाबा, आजऱ्याला एकटे राहतात. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. सगळी नोकरी त्यांनी भूमी अभिलेख खात्यात नकाशे काढण्यात घालवली. शेताची हद्द रेघभर इकडची तिकडे झाली तर दोन भावांत कुऱ्हाडी निघतात, असं ते सांगतात, आणि ती रेघ पकडणारा माणूस म्हणजे ते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे उरलं एक भिंग, एक साधासा स्मार्टफोन आणि सिंगापूरला असलेली मुलगी, माझी बायको चैत्राली. आमची इरा झाली तेव्हापासून त्यांना रोज तिचा फोटो हवा असायचा. पण त्यांच्या घरात नेटवर्क म्हणजे लहरी पाहुणा. "फोटो उघडेपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून होतो," असं ते हसत म्हणायचे. व्हिडिओ कॉलवर तर इरा चौकोना-चौकोनांचीच दिसायची.

म्हणून मी त्यांच्यासाठी इराचं एक वेगळं पान तयार केलं. कुलूप लावलेलं, फक्त घरच्यांना उघडणारं. त्यातला प्रत्येक फोटो मी चाळीस केबीत बसवला. आजऱ्याला तो दोन सेकंदांत उघडायचा. बाबा सकाळी देवपूजा आटोपून फोन घेऊन बसायचे आणि चैत्रालीला म्हणायचे, "तुझा नवरा म्हणजे जादूगार आहे." असं कौतुक कुणाला नको असतं?

फोटो मी माझ्या मोठ्या कॅमेऱ्यावर काढायचो. ऑफिसातून बेडोकला घरी येईपर्यंत दिवेलागण झालेली असायची, आणि आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये उजेड जेमतेम, म्हणून फ्लॅश लावायचो. मूळ फोटो एका हार्ड डिस्कवर जायचे, माझा प्रोग्राम त्यांच्या लहान प्रती करून पानावर चढवायचा. मी मध्ये कुठंच नसायचो. खरं सांगायचं तर मी फोटो काढायचो, बघायचो नाही. चैत्रालीही बाकीच्यांसारखी पानावरच बघायची. तिच्या फोनमधले फोटो बागेतले, झोपाळ्यावरचे, भर उजेडातले.

मार्चमध्ये, होळीनंतर दोन-तीन दिवसांनी, बाबांचा मला फोन आला. मला म्हणजे मलाच, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. ते सहसा असं करत नसत.

"प्रबोधराव, कामात आहात का?"

"नाही बाबा, बोला ना."

"काही विशेष नाही. ते इराचा पुरणपोळी खातानाचा फोटो टाकलात ना, त्यात तिच्या डाव्या डोळ्यात पांढरं काहीतरी चमकल्यासारखं दिसतंय. उजव्यात नाही. आधीच्याही एक-दोन फोटोंत आहे. मी भिंगातून बघितलं."

मी हसलो. हो, हसलो. मग मी त्यांना समजावून सांगितलं, शाळेतल्या मास्तरासारखं. फ्लॅश डोळ्यात गेला की बुबुळात लाल ठिपका उमटतो. फोटो लहान करताना पहिली कात्री रंगांवर चालते, कारण रंग गेला तर माणसाला लवकर कळत नाही. एवढा बारीक लाल ठिपका त्यात टिकत नाही, पांढुरका पडतो. दोष फोटोचा आहे, डोळ्याचा नाही.

"पण मग उजव्यात का नाही?"

"उजेडाचा कोन, बाबा."

ते म्हणाले, "बरं बरं. तुम्हाला त्यातलं कळतं. आणि चैत्रालीला बोलू नका हां, उगाच घाबरेल."

मी बोललो नाही. मूळ फोटो घरी खणातल्या डिस्कवर होता. त्यातून काहीही काढलेलं नव्हतं. तो उघडून बघायला मला दहा सेकंद लागली असती. पण ज्याला उत्तर आधीच माहीत असतं तो तपासून कशाला बघेल? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल दहा वर्षं रिकामाच होता, मला त्या दुपारीही कळलं नाही.

पंधरा दिवसांनी बाबांचा परत फोन. तेच. डावा डोळा, पांढरं. ह्या वेळी मी मीटिंगमधून बाहेर येऊन फोन घेतला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं.

"बाबा, मी रोज हेच काम करतो हो. दहा वर्षं करतोय."

"तसं नाही, प्रबोधराव, माफ करा. म्हातारपणी डोक्यात काहीतरी घोळत राहतं. तुमचा वेळ घेतला."

सत्तरीचा माणूस माझी माफी मागत होता आणि मी ती घेतली. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्यात जावई सिंगापूरचा आणि विषय कॉम्प्युटरचा. वरिष्ठांच्या नकाशातल्या चुका दाखवायला ते कधी कचरले नव्हते, पण जावयाची चूक दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

तिसरा फोन येऊ नये म्हणून मी काय केलं तेही सांगतो. फ्लॅशमुळे बिघडलेले डोळे शोधून बुबुळ काळं करणारी तयार साधनं मिळतात. तसलं एक मी माझ्या प्रोग्रामला जोडलं आणि पानावरचे सगळे जुने फोटोही त्यातून पुन्हा काढले. शनिवारी सकाळी अर्धा तास लागला. पांढरं गेलं, लाल गेलं, दोन्ही डोळे कसे काळेभोर. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "आता छान दिसतात हो डोळे. जिवाला बरं वाटलं."

"कसलं बरं वाटलं?" चैत्रालीनं विचारलं.

"फोटो आता स्वच्छ येतात म्हणतायत," मी म्हणालो.

पाच महिने गेले. ह्या पाच महिन्यांत इरा चपला उलट्या घालायला शिकली, मला इथल्या ढंगात "नो लाह, बाबा" म्हणायला शिकली, खाली मार्केटमधल्या फळवाल्या आंटीकडून फुकटचं केळं मिळवायला शिकली. डाव्या बाजूनं हाक मारली की ती अख्खी मान वळवून बघायची. आम्हाला ते गोड वाटायचं.

ऑगस्टमध्ये चाइल्डकेअरच्या टीचर मिस सिती चैत्रालीला दारातच म्हणाल्या, "इराज लेफ्ट आय समटाइम्स गो साइड वन. यू चेक फर्स्ट, कॅन?" डावा डोळा मधूनच तिरका जातो, एकदा दाखवून घ्या. चैत्रालीनं दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली. पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे जवळच्या सरकारी दवाखान्यातून, आम्हाला त्याच दुपारी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, आणि लवकर पाठवलं ह्याचा अर्थ आम्हा दोघांनाही समजला. डोळ्यांच्या डॉक्टर शांत बाई होत्या. त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढलं, आतल्या पडद्यावर एक गाठ काढली, मग ती गाठ मोठी करत करत जवळजवळ सगळा डोळा पेनानं भरून टाकला. लहान मुलांना होणारा कॅन्सर. उजवा डोळा चांगला आहे. डाव्याची नजर गेलेलीच आहे. मूल वाचवायचं असेल तर डावा डोळा काढावा लागेल, ह्याच आठवड्यात.

चैत्रालीनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

मग डॉक्टरांनी विचारलं, "फ्लॅशनं काढलेल्या फोटोत कधी पांढरी चमक दिसली होती? बरेचदा आधी तिथंच दिसते."

"नाही," चैत्राली म्हणाली. तिनं फोनवर इराचं पान उघडलं. पटकन उघडलं. ती एकेक फोटो सरकवत गेली आणि डॉक्टर वाकून बघत राहिल्या. प्रत्येक फोटोत दोन काळेभोर डोळे. डॉक्टर म्हणाल्या, नवल आहे, एवढी वाढ काही महिन्यांची असते, कुठंतरी दिसायला हवं होतं. लवकर सापडलं तर कधी कधी औषधांवर डोळा वाचतो.

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो आणि मला वाचा होती. मी बोललो नाही. आता बोलून काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मी घाबरलो होतो.

टॅक्सीत इरा आईच्या मांडीवर झोपली. चैत्राली म्हणाली, "आपल्याला कळणार तरी कसं होतं रे? एकाही फोटोत नव्हतं." घरी पोचेपर्यंत तिनं हे तीनदा म्हटलं. तेवढ्या एका वाक्यावर ती उभी होती.

ती इराला आंघोळ घालत होती तेव्हा मी खणातून डिस्क काढली. होळीचा मूळ फोटो उघडला. साडेआठ एमबी. त्यातून काहीही कमी केलेलं नव्हतं, एकही रंग गेलेला नव्हता. गालाला पुरण, हातात पोळी, उजव्या डोळ्यात लाल ठिपका आणि डाव्यात अंधारातल्या मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक. मागे गेलो. अकरा फेब्रुवारीच्या फोटोतही होती. न्हाणीघरातून इराच्या खिदळण्याचा आवाज येत होता. मी डिस्क परत खणात ठेवली.

बाबांचा व्हिसा एजंटानं चार दिवसांत काढून दिला. आयुष्यातला पहिला विमानप्रवास त्यांनी एकट्यानं केला, आणि एवढ्या घाईतही नातीसाठी घनसाळ तांदूळ बांधून आणला होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. जेवताना चैत्राली त्यांना म्हणाली, "बाबा, एकाही फोटोत नव्हतं हो. डॉक्टरांना पण सगळे दाखवले."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भातात बोटं घालून बसलो होतो.

"नसेल दिसलं, बाळा," ते म्हणाले. "नसेल."

मला वाटलं होतं ते बोलतील. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी मी वाचलो असतो. त्यांनी मला भात वाढला.

ऑपरेशन झालं. इरा शुद्धीवर आली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. तिनं ती चाचपली आणि आईला म्हणाली, "ममा, इकडची लाइट ऑफ." चैत्राली म्हणाली, "हो सोन्या, ऑफ झाली." मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकून रडलो. एक परकी बाई मला टिशू देऊन गेली.

मुलं आपल्यापेक्षा चिवट. तिसऱ्या दिवशी इरा घरात पळत होती, डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटत होती आणि स्वतःशीच हसत होती. दर आपटण्याला बाबा "अगं हळू" म्हणत अर्धे उठायचे. मी मोजत नव्हतो, पण प्रत्येक आपटणं मला ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी दुपारी इरा झोपली होती. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. बाहेर चैत्राली बाबांशी बोलत होती आणि तिचा आवाज चढत होता.

"रोज दहा तास त्या बाईकडे असते ती. रोज! आणि त्यांना ऑगस्टमध्ये दिसतं? मी लिहिणार आहे वरती. त्या मिस सितीनं आधी सांगितलं असतं तर आज इराचा डोळा असता."

कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय तिला श्वास घेता येत नव्हता, आणि ते फुटत होतं त्या एकट्या बाईवर जिनं सांगितलं होतं. मी गाळणं हातात घेऊन उभा राहिलो.

मग बाबांचा आवाज आला. "त्या बाईला बोल लावू नकोस. चूक माझी आहे. मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"डोळ्यातलं पांढरं. मार्चमध्ये. फोटोत. मी कुणाला बोललो नाही."

मग चैत्राली म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसलं? आणि तुम्ही गप्प बसलात?" असा आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. आपल्या बापाशी असं बोलावं लागणाऱ्या मुलीचा आवाज होता तो.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

आणि हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्यानं स्वतःहून मान पुढं केली होती. मला फक्त चहा गाळत राहायचं होतं.

मी गाळणं ठेवलं. खणातून डिस्क आणि टेबलावरून लॅपटॉप घेऊन बाहेर गेलो आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"बाबा खोटं बोलतायत," मी म्हणालो. "त्यांनी सांगितलं होतं. मला. दोनदा."

मग सगळं सांगितलं. पहिला फोन, दुसरा फोन, मी काय समजावलं, कसा हसलो, ते काळे डोळे कुणी आणि का केले. डॉक्टरांसमोर गप्प का बसलो. बाबा एकदा मध्येच म्हणाले, "अगं, त्यांच्या कामात तसं होतं खरोखर, त्यांचा काही..."

"बाबा, पुरे."

तिनं हात पुढं केला. मी डिस्क जोडून होळीचा फोटो उघडून लॅपटॉप तिच्याकडे दिला. तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला, सगळा पडदा त्या एका डोळ्यानं भरेपर्यंत. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. मला वाटलं आता ती ओरडेल, लॅपटॉप फेकेल, मला चालता हो म्हणेल. मी सगळ्याला तयार होतो.

ती म्हणाली, "ह्याच्याआधीचा चांगला डोळा कुठं आहे?"

"म्हणजे?"

"तिचा डोळा रे. आजार व्हायच्या आधीचा. तुझ्या त्या पानावरचे सगळे तू रंगवलेले आहेस. मला तिचा खरा डोळा दाखव."

मी मूळ फोटोंतून मागे जायला लागलो. फेब्रुवारी, पांढरं. फेब्रुवारी, कडेला बघतेय, कळत नाही. लाल डोळा म्हणजे बिघडलेला फोटो, हे मी इतकी वर्षं मानलं होतं. आता मी तेच लाल शोधत होतो, डावीकडचं, देवाला हात जोडून. चोवीस जानेवारीला ते सापडलं. इरा माझ्या ऑफिसच्या बॅगेत बसली होती, तोंड वासून हसत होती, आणि दोन्ही डोळ्यांत दोन लालभडक ठिपके.

चैत्रालीनं पडद्यावरच्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "रोज तोंड धुतलं मी हिचं," ती म्हणाली, "मी तरी कुठं पाहिलं." आणि मग ती रडली. त्या दिवसापर्यंत ती माझ्यादेखत रडली नव्हती. मी तिच्या खांद्याकडे हात नेला तर ती बाजूला सरकली.

आतून इराची हाक आली. मी उठायला लागलो.

"तू नको येऊस," चैत्राली म्हणाली. रागानं नाही, दमलेल्या आवाजात. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

हॉलमध्ये मी आणि बाबा उरलो. मी जमिनीवर, ते सोफ्यावर. त्यांच्याकडे बघायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही का घेतलंत स्वतःवर?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पण परत घातला नाही.

"सगळंच काही खोटं नव्हतं, प्रबोधराव," ते म्हणाले. "तुम्ही ते डोळे काळे केलेत ना, ते मला त्याच दिवशी समजलं होतं. बरं वाटलं म्हणालो ते वरवर. आयुष्यभर नकाशे बघितलेत हो, खोडून काढलेली रेघ मला दिसते. तिसऱ्यांदा फोन हातात घेतला होता मी. नंबरही लावला होता. मग म्हटलं, जावयाला किती वेळा त्रास द्यायचा."